ज्यांनी जोडा काढू दिला नाही, त्यांना

मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात आणि बुधवारी सकाळी मला दहा पुरुष हवे होते. दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. लातुरात यहुदी पुरुष म्हणजे तुम्ही एकटे, आणि त्या दिवशी तुम्हाला मोजता येत नव्हतं. आपला सॅम्युएल पुण्याहून आला, तो एक झाला. बाकीचे सगळे फोनच्या पडद्यावर. मग नातवंडांनी आपापल्या ठिकाणी चौकशी केली. इस्रायलात बेरशेबाला नेओमीच्या रब्बींनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, सांगितलं की पडद्यावरची माणसं धरायची नाहीत. न्यू जर्सीत डॅनिएलची रब्बी (ती बाई आहे, हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नव्हतं) म्हणाली, खुशाल धरा, आणि बायकांनाही धरा. सॅम्युएल हातात फोन घेऊन खड्ड्याच्या कडेला उभा होता. शेवटी त्याने कद्दीश म्हटला. तो लागू झाला की नाही, हे तुम्ही जिथे असाल तिथे विचारून घ्या.

तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असता, "पर ह्यात सक्षम अधिकारी कोण?"

जन्मभर हाच प्रश्न विचारलात. कचेरीत अव्वल कारकून होता म्हणून तो तोंडात बसला होता, असं लोक समजायचे. मला ठाऊक आहे, तो आधीपासून होता. तुमचे आजोबा कोकणात आपल्या यहुदी लोकांचे काजी होते. गावोगाव चालत जाऊन सुंता करायचे, लग्नं लावायचे, भांडणं मिटवायचे. आपले लोक तेव्हा तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून बसायचे, म्हणून शनवार तेली. जेरुसलेमहून कुणी येऊन सांगितलं नव्हतं की आज बसा. वडील तेलगिरणीत मिस्त्री म्हणून लातूरला आले, तेव्हा घरातली दोन हिब्रू पुस्तकं आणि आजोबांचा अधिकार दोन्ही घेऊन आले, आणि पुढे दोन्ही तुमच्याकडे आलं. "लातुरात रब्बी एकच," तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "ज्वारीचा. तो पण पाऊस झाला तर."

नेओमी आणि डॅनिएलला आबांविषयी दोन पानं हवी आहेत. त्यांना तुम्ही सुट्टीतले माहीत, मलिद्याच्या नैवेद्यासाठी पोहे भिजवताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची गाणी म्हणणारे, डॅनिएलला खांद्यावर बसवून गंजगोलाईत हिंडवणारे. ते आबा खरेच होते, मी ते खोडून काढत नाही. पण मी शिस्तीची बाई आहे, अर्धं सांगून थांबणं मला जमत नाही. म्हणून ही पानं त्यांच्यासाठी आहेत, आणि बोलणार आहे मी तुमच्याशी.

तुमचा धाकटा भाऊ रूबेन दुष्काळात गेला. मुखेडकडे दुष्काळी कामावर ओव्हरसियर होता. माणसं खडी फोडत होती, हा हजेरी घेत होता, आणि सगळे एकाच टँकरचं पाणी पीत होते. कावीळ झाली. एसटीच्या मागच्या सीटवर आडवा घालून त्याला आणला, त्यानंतर तो उठला नाही. त्याची बायको दिना तेव्हा नर्सिंग नुकतंच संपवून आलेली, लग्नाला वर्ष होत आलेलं, मूलबाळ नाही.

मेलेल्याला आपल्यात भरपूर पाण्याने न्हाऊ घालतात. धार तुटू द्यायची नाही, असा नियम. आणि गल्लीत कुणाच्या घरी प्यायला पाणी नव्हतं. तरी प्रत्येक घरातून एक घागर आली. शेजारच्या शांताबाईंनी तर आपली उरलेली एकमेव घागर आणून ठेवली. त्या बौद्ध, मी शिकवायची त्याच शाळेत मराठी शिकवायच्या, शाळेत पुस्तकातलं बोलायच्या आणि गल्लीत गल्लीतलं. तुम्ही त्या घागरींकडे पाहिलंत आणि म्हणालात, "न्या परत. एक तांब्या पुरे."

मी म्हटलं, "पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं लातूर पाहिलं नव्हतं. मी ठरवतो. माझा भाऊ हाय."

एका तांब्यात कापड भिजवून तुम्ही त्याला पुसलंत, बोटांच्या बेचक्यांपासून कानांच्या मागेपर्यंत, एकदाही न रडता, आणि घागरी स्वतः उचलून घरोघर परत केल्यात. त्या दिवशी तुमच्यावर माझं जेवढं प्रेम होतं तेवढं आधी कधी नव्हतं, नंतरही झालं नाही. मुलांनो, हे नीट वाचा. तुमचे आबा नियम वाकवू शकत होते. त्यांना तो वाकवता येत नव्हता असं मी पुढे कुठेही म्हटलेलं नाही.

दिना माहेरी गेली नाही. नांदेडला दवाखान्यात लागली, सुट्टीला आपल्याकडे यायची. अशी वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला, त्या वर्षी तुम्ही भलतेच रंगात होता. उस्मानाबादेहून दप्तरं ट्रकने येत होती, तुम्ही ती उतरवून घेत होता, आणि संध्याकाळी घरी येऊन सांगत होता की देवणीच्या एका माणसाची फेरफाराची फाईल तिकडचे म्हणतात इकडे पाठवली, इकडचे म्हणतात आलीच नाही. "तो बिचारा मधल्यामधी लोंबकळून राहिलाय," तुम्ही म्हणायचात, आणि त्या माणसासाठी तुम्ही रविवारी कचेरी उघडून बसलात. फाईल शोधून दिलीत. तो पाया पडायला आला तेव्हा त्याला हाकलून लावलंत.

त्याच वर्षी एझ्रा आला. नांदेडला रेल्वेत फिटर, आपल्यातलाच, अबोल, हातांना ग्रीसचा वास. दवाखान्यात बोट शिवायला गेला आणि टाके काढल्यावरही जात राहिला. आईला घेऊन तो इस्रायलला निघाला होता, दिनाला बरोबर न्यायची होती. त्याच्या मामाने डिमोनाहून कळवलं: मुलगी विधवा, मूल नाही, दीर जिवंत; दिराने मोकळी केल्याशिवाय तिकडचे रब्बी हे लग्न मानणार नाहीत.

नातवंडांसाठी सांगते. मोशेच्या नियमाप्रमाणे मूल न होता नवरा मेला तर बायको दिराला बांधली जाते. दिराने तिच्याशी लग्न करायचं, नाहीतर तिला मोकळं करायचं. मोकळं करायचा विधी असा की तीन जाणत्या माणसांसमोर तो म्हणतो, मला ही नको. ती त्याच्या उजव्या पायातला चामड्याचा जोडा सोडवून काढते, फेकते, त्याच्यापुढे जमिनीवर थुंकते, आणि म्हणते की भावाचं घर न बांधणाऱ्या माणसाचं असंच करावं. याला हलित्सा म्हणतात. आबांचं लग्न झालेलं होतं, तेव्हा दिनासाठी हा एकच रस्ता होता.

तुम्ही म्हणालात, "आपल्या वाडवडलांना हे कधी लागलं न्हाई."

मी म्हटलं, "कारण तुमचे वाडवडील विधवेला लग्नच करू देत नव्हते. मोकळी कुणाला करणार?"

तुम्ही कप पुढे सरकवलात. "चहा गार झालाय." आपला हा वाद इथेच थांबला आणि पुढची सगळी वर्षं तो इथेच उभा होता.

मी दिनालाही म्हटलं की कचेरीत सही करून लग्न कर आणि जा. ती म्हणाली, "ताई, तिकडं माझ्या लेकरांकडं कुणी बोट केलेलं मला चालायचं न्हाई. जायचं तर दारातून जाईन."

मुंबईत बाहेरून एक रब्बी काही दिवसांसाठी येणार होते. तुम्ही हो म्हणालात. कुरकुरत, पण म्हणालात. मी दिनाला हिब्रू वाक्यं रोमन अक्षरांत लिहून दिली, कारण एक उच्चार चुकला तर सगळं रद्द. आणि विधी जमावा म्हणून तुमचाच जुना बूट घेऊन अंगणात तालीम सुरू झाली. मी तुमच्या जागी स्टुलावर बसायची. दिना वाकून नाडी सोडवायची, बूट फेकायची आणि थुंकायच्या वेळी लाजून तोंडाला पदर लावायची. शांताबाई भिंतीवरून बघत होत्या.

"लई ग्वाड रीत हाय बाई तुमची! थोरल्या दिराचा जोडा काढून फेकायचा आन् वर थुंकायचं? आमच्यात असती तर माझ्या जावांनी रांग लावली असती!"

दिना हसली. "शांताबाई, गप बसा की."

"गप कशाला? पदर काढ आधी. आन् थुंक चांगली खणखणीत. येवढ्या वर्षांचं साठलं असंल."

आणि दिना थुंकली. अंगणाच्या मधोमध. आम्ही तिघी बायका पोट धरधरून हसलो. तुम्ही आत पेपर वाचत होता. पान उलटायचा आवाज थांबला, तो पुन्हा आला नाही. मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. नंतर लावला.

मुंबईतली खोली लहान होती. रब्बी, त्यांच्या बाजूला एक बगदादी यहुदी म्हातारे गृहस्थ आणि एक कोचीनचे. दिना उपाशी होती, तसा प्रघात आहे. तुमचा पाय धुऊन झाला होता. चामड्याचा तो जोडा, पट्ट्यापट्ट्यांचा, तुमच्या पायात घातला होता. रब्बी इंग्रजीत विचारत होते, मी मराठीत सांगत होते. त्यांनी विचारलं, तुमच्या लोकांत पूर्वी हा विधी होत होता का? तुम्ही म्हणालात, नाही. त्यांनी मान हलवली, अगदी मायेने, आणि काही बोलले.

"काय म्हणतात?" तुम्ही मला विचारलंत.

"म्हणतात, अज्ञानामुळे राहिलं. तुमचा दोष नाही."

"अज्ञान कुणाचं?"

मी भाषांतर केलं नाही. रब्बींना ते चेहऱ्यावरून कळलं असावं.

"त्यांना विचार," तुम्ही म्हणालात, "माझा आजा काजी होता. त्यानं लावलेली लग्नं खरी का खोटी? तेवढं लिहून द्या म्हणावं, मग काढा जोडा."

मी विचारलं. रब्बी म्हणाले की असं लिहून द्यायचा अधिकार त्यांना नाही.

"मग कुणाला हाय?"

जेरुसलेमला विचारावं लागेल, ते म्हणाले. पण आजचं काम त्यावर अडत नाही. ही बाई समोर उभी आहे.

"अडतंय," तुम्ही म्हणालात. खाली वाकलात, जोड्याच्या पट्ट्या स्वतःच्या हाताने सोडल्यात, जोडा बाजूला ठेवलात आणि आपली चप्पल घातलीत.

दिना तशीच उभी राहिली, ओठांत ती वाक्यं घोळवत. तिला वाटलं, हाही विधीचाच भाग आहे.

तुमचा प्रश्न खरा होता, हे मी तुम्हाला त्या दिवशीही म्हटलं होतं. मायेने 'अज्ञान' म्हणणाऱ्या माणसाला कुणीतरी तो विचारायलाच हवा होता. पण तो तुम्ही दिनाच्या गळ्यावर पाय ठेवून विचारलात. जोडा काढून झाल्यावर विचारला असतात तर तुमच्या आजोबांची काय बेअब्रू झाली असती? भावाच्या वेळी एका तांब्यात नियम बसवलात. देवणीच्या अनोळखी माणसासाठी रविवारी कचेरी उघडलीत. आणि हिच्यापुढे तुम्हाला वाडवडील आठवले. मी सांगते काय झालं ते. अंगणातला तो आवाज तुमच्या कानातून गेला नव्हता. तुम्ही थुंकीला भ्यालात. बाकी सगळं तुम्ही वाटेत गोळा केलंत.

तुम्ही जिना उतरून गेल्यावर मी रब्बींना विचारलं, तुम्ही तिघं मिळून हिला सोडवू शकत नाही? जेरुसलेमचे मोठे रब्बी?

ते म्हणाले, "नाही, बाई. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच हातात दिलेली नाही. ती त्या माणसाच्या पायात आहे."

म्हणजे जगात कुणाचा अधिकार मानणार नाही म्हणणाऱ्या माणसाकडे तो सगळा होता. आणि तुम्ही तो सोडला नाहीत.

परतताना एसटी थांब्यावर तुम्ही पेरू आणलेत, चार भाग करून तिखटमीठ लावून घेतलेत, आणि तिच्यापुढे धरलेत. "खा. सकाळपासून उपाशी हाईस." तिने खाल्ला. सगळा. तुमचं देणं आणि तिचं खाणं, दोन्ही मला आजपर्यंत समजलेलं नाही.

शांताबाईंनी तुम्हाला दारातच गाठलं. "साहेब, आमी अख्खा धर्म बदलला. आन् तुमच्याच्यानं एक जोडा काढवंना व्हय?" तुम्ही त्यांच्याशी मरेपर्यंत बोलला नाहीत. बुधवारी तुमच्या खाटेला पुढचा खांदा त्यांच्या थोरल्या मुलाने दिला. पुरुष कमी पडत होते.

एझ्रा पावसाळ्यानंतर इस्रायलला गेला. तिकडे त्याने लग्न केलं, दोन मुली झाल्या, हे आपल्याला लोकांकडून कळलं. दिनाला कुणी सांगितलं नाही, तरी तिला माहीत होतं. निवृत्त झाल्यावर ती आपल्या मागच्या खोलीत आली. दुसरीकडे कुठे जाणार होती? तुमचं हृदय दुखायला लागल्यावर तुमचं सगळं तिने हातात घेतलं. गोळ्या, पथ्य, रोजचा रक्तदाब. दोनदा तुम्ही जवळजवळ गेलाच होता, दोनदा तिने तुम्हाला ओढून आणलं. मागे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या बाईंमुळे तुम्ही जिवंत आहात." तुम्ही तिच्याकडे पाहून म्हणालात, "चांगली पोरगी हाय." पोरगी सत्तरीची होती.

तुम्ही तिची माफी मागाल म्हणून मी वाट पाहिली. शेवटच्या आठवड्यात तर मी मुद्दाम तुम्हा दोघांना खोलीत ठेवून स्वयंपाकघरात बसायची. तुम्ही तिला काय म्हणालात, हे मी तिला नंतर विचारलं. "म्हणाले, उशी जरा वर कर."

आणि आता जे झालं ते ऐका. काल नेओमीचा फोन आला. कद्दीशबद्दल विचारताना तिने आपल्या रब्बींना दिनाआजीबद्दलही विचारलं होतं. ते म्हणाले, तिचा तो एकच दीर होता ना? तो मेला म्हणजे बंधन संपलं. विधी नको, काही नको. ती बाई मंगळवारपासून मोकळी आहे. थोड्या वेळाने डॅनिएलचा आला. त्याची रब्बी म्हणाली, आमच्यात हा विधी कधीचाच सोडून दिला. ती आजी बांधलेली नव्हतीच. तिला वाटेल तेव्हा लग्न करता आलं असतं.

तुमच्या मरणाने ती सुटेल, हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही ती पुस्तकं वाचणारे. तुम्हाला विचारायचं राहिलेलं एवढंच आहे. माहीत असताना तिच्या हातून गोळ्या घेत होता, की माहीत नसताना? दोन्हीपैकी कमी वाईट कुठलं, तेही मला ठरवता येत नाही.

दिना तुमच्या खोलीत रक्तदाबाचं यंत्र आवरत होती. मी तिला नेओमीचं सांगितलं.

"मंगळवारपासून?" ती म्हणाली.

"हो. ते गेले त्या क्षणापासून."

ती खाटेच्या कडेला बसली. "मग सोमवारी मी ऑक्सिजन लावला, त्यो कशापायी?"

आणि तिला हसू फुटलं. मलाही. दुखवट्याचे सात दिवस संपले नव्हते, आरशावर चादर होती, आणि तुमची बायको आणि तुमची भावजय तुमच्या खाटेच्या कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"आन् डॅनिएलची ती बाई काय म्हणती?" डोळे पुसत तिने विचारलं.

मी तेही सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं, पण मी अर्धं सांगून थांबत नाही. तिचं हसू गेलं.

"कवाच नव्हते बांधलेली?"

"ती तसं म्हणते."

"ह्या दोघांत वरचं कोण?"

"कुणी नाही, दिना. दोघं आपापल्या ठिकाणी मोठे. एकाचं दुसऱ्याला लागू नाही."

"मग मला कुणाचं लागू?"

ती यंत्राची रबरी नळी बोटांभोवती गुंडाळत राहिली, सोडत राहिली, पुन्हा गुंडाळत राहिली.

"मंगळवारचंच धरा, ताई," ती शेवटी म्हणाली.

"अगं, पण त्या दुसऱ्या हिशोबाने तू—"

"न्हाई. मंगळवारचंच. तुमचा माणूस दुष्ट होता, त्ये मी सोसलं. फुकट दुष्ट होता, त्ये मला सांगू नका."

तिने यंत्र डब्यात घातलं आणि झाकण लावलं. मी नेओमी आणि डॅनिएल दोघांना एकच निरोप पाठवला: दिनाआजी मंगळवारपासून मोकळी आहे. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं.